केसपेपरची पहिली ओळ

नाव, वय, लिंग, व्यवसाय, पत्ता. वैद्यकीय विद्यार्थ्यांची क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं शिक्षण, सुरू झाली की केस घ्यायला, म्हणजे रुग्णाची विचारपूस करून ती लिहायला, शिकवताना सगळ्यात आधी हे पाच शब्द सांगतात, आणि विद्यार्थी सगळ्यात आधी याच पाच शब्दांना कंटाळतो. त्याला छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा असतो. हृदयातली मर्मर ऐकायची असते, प्लीहा बोटाला लागते का बघायचं असतं. मग पहिली ओळ तो खाटेला अडकवलेल्या कागदावरून उतरवून घेतो आणि थेट ‘काय त्रास होतोय?’वर येतो. मी याच भागात वाढले, इथेच शिकले, आता मेडिसिनच्या वॉर्डात मुलांना शिकवते. माझं मत आता पक्कं झालंय. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरच्या रुग्णांमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना वॉर्डातली वर्षं नीट काढायची असतील, तर त्यांनी या पहिल्या ओळीवर मुक्काम करावा.

माझी भाची यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी तिचा फोन आला. कुठलं पुस्तक घेऊ, केस कशी सादर करू, सरांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि उत्तर आलं नाही तर काय करू, असे एकामागून एक प्रश्न. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते, कारण हे प्रश्न तिच्या एकटीचे नाहीत. पहिल्या वर्षाला शरीर टेबलावर असतं, ते हलत नाही, काही विचारत नाही. वॉर्डात समोरचं माणूस आपल्याकडे बघतं, कण्हतं, कधी तोंड फिरवतं, कधी विचारतं, ‘तू डॉक्टर हाईस काय गं?’ एका खाटेभोवती वीस-पंचवीस ॲप्रन उभे असतात, त्यात मागच्या रांगेतल्याला धड ऐकूही येत नाही. या गर्दीत आपण कोण, आपलं काम काय, हेच पहिले काही आठवडे कळत नाही. चांगले मार्क मिळवून आलेली मुलंसुद्धा तिथे बावरतात, आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही.

बेळगावात शिकवणारी दोन मोठी रुग्णालयं आहेत. 1916 साली सात शिक्षकांनी सुरू केलेल्या केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1963 पासून चालू आहे, आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं सरकारी बिम्स (बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) त्याच्या बरंच नंतरचं. दोन्हीकडे वर्गात लांबलांबची मुलं असतात. खाटांवर मात्र आपलाच मुलूख झोपलेला असतो. मेडिसिनच्या वॉर्डात एका कडेने पत्ते वाचत गेलं तर बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, हुक्केरी, संकेश्वर, रायबाग, अथणी असं पूर्वेचं आणि उत्तरेचं सगळं कोरडं रान लागतं. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीचं पावसाचं जंगल लागतं. आणि राज्याची हद्द ओलांडून आलेले चंदगड, गडहिंग्लजचे लोकही असतात. क्षेत्रफळाने हा कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा. इतक्या वेगवेगळ्या पिकांची, पावसाची आणि कामांची माणसं एका छताखाली येतात. पत्ता नीट विचारला की त्या माणसाच्या अंगात काय-काय गेलं असेल, त्याला काय चावलं असेल, त्याने कसला धूर घेतला असेल, याची अर्धी यादी हातात येते.

पहिल्या ओळीतला ‘गृहिणी’ हा शब्द मी माझ्या युनिटच्या विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. लिहायचाच असेल तर त्यापुढे ती बाई दिवसभर हाताने काय करते ते लिहावं लागतं.

धापेने आलेली साठीतली आजी घ्या, निपाणीकडची. तुम्ही विचारलंत ‘काम काय करता?’, तर ती म्हणणार ‘काय न्हाई, घरीच असतोय.’ इथे थांबलात तर तुमच्या कागदावर ‘गृहिणी, धूम्रपान नाही, तंबाखू नाही’ असं येईल आणि पुढचा सगळा विचार चुकीच्या वाटेने जाईल. जरा खाटेशी टेकून बसा. सकाळी किती वाजता उठता आजी? चूल आहे का गॅस? गॅस कधी आला? त्याआधी किती वर्षं चुलीपुढे? खोलीला धुराडं होतं का? मग घरी बसून बिड्या वळत होता का? मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, असं बसून या भागातल्या बायकांनी जन्म काढलेत. कुणी तंबाखूच्या वखारीत चाळायला जात होत्या, तिथली धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली असते. आणि ‘तंबाखू खाता का?’ याला नाही म्हणणारी आजी ‘मिश्री लावता का?’ म्हटल्यावर सहज हो म्हणते, कारण मिश्री भाजलेल्या तंबाखूची असली तरी तिच्या लेखी ती म्हणजे दात घासणं. मग तिचं तोंड उघडून गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांच्या कडेला टॉर्चने बघावं लागतं. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची पांढरे-लाल चट्टे असेच सापडतात, धाप बघायला गेलेल्या डॉक्टरला.

आयुष्यात एक बिडी न ओढलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लावणारा आजार, होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे, हे पुस्तकात एका ओळीत असतं. वॉर्डात ती ओळ माणसाच्या रूपाने भेटते आणि मग ती विसरणं अवघड होतं. त्याच निपाणी पट्ट्यात तंबाखूच्या काढणीच्या दिवसांत धडधाकट तरुण उलट्या, चक्कर, डोकेदुखी घेऊन येतात. ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात गेलेलं असतं. ‘काय खाल्लं होतं?’ एवढाच प्रश्न विचारणारा विद्यार्थी अन्नातून विषबाधा लिहून मोकळा होतो.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली सांगितलं की वैद्यांनी रुग्णाला जे प्रश्न विचारायचे असतात त्यात आणखी एकाची भर घालावी: तू काम काय करतोस? त्यांच्या स्वतःच्या घरी मैल्याचा खड्डा उपसणारा एक माणूस घाईघाईने, कासावीस होऊन काम करत होता. त्यांनी त्याला थांबवून विचारलं, तेव्हा त्या कामाने डोळे कसे जातात हे त्याने सांगितलं. व्यावसायिक आजारांचं शास्त्र त्या विचारपुशीतून उभं राहिलं. तीनशे वर्षं झाली. प्रश्न अजून केसपेपरवर आहे, पण विचारला जातो तो कसाबसा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत साच्यांची वाळू हाताळणाऱ्या किंवा ओतीव माल घासून साफ करणाऱ्या कामगाराला खोकला, वजन घटणं, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके असं दिसलं की विद्यार्थी लगेच टीबी म्हणतो. टीबी असूही शकतो. पण वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी व्हायची शक्यता वाढते, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी तर कराच, पण त्याला विचारा, किती वर्षं त्या खात्यात, तोंडाला काय बांधता, बरोबरच्यांना खोकला आहे का. बेळगावातल्याच वडगाव, शहापुरातल्या यंत्रमागांवर जन्म काढलेला माणूस तुमच्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवतो. विद्यार्थ्याला वाटतं, सगळी लक्षणं आहेत. खरं म्हणजे मागांच्या आवाजाने त्याचे कान गेलेले असतात, त्याला तुमचं अर्धंही ऐकू येत नाही. अशा माणसाच्या समोर बसावं, त्याला आपलं तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं.

आता खानापूर. इथे जरा थांबते, कारण या तालुक्यातून येणारा रुग्ण विद्यार्थ्याला जितकं शिकवतो तितकं मला दुसरीकडे क्वचित दिसलंय.

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तिकडून ताप येतो. डेंगी, मलेरिया, टायफॉइड हे सगळ्यांच्या तोंडात असतात. पण भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्याचे डोळे लाल असतील, पोटऱ्या दाबल्यावर तो कळवळत असेल, लघवी कमी आणि डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, मनात यायला हवा. झुडपांत, गवतात, गुरांमागे फिरणाऱ्याचा ताप उतरत नसेल तर कपडे बाजूला करून काखेत, जांघेत, बायकांच्या स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली बघायचं. स्क्रब टायफस या किडा चावून येणाऱ्या तापाची काळी खपली तिथे दडलेली असते. चावलेला किडा इतका बारीक की रुग्णाला पत्ताच नसतो, खपली दुखत नाही, म्हणून तो सांगत नाही. ती दिसली की डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू होतं आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. न दिसल्यास माणूस हकनाक आयसीयूत जाऊ शकतो. हे बघायला महागडी मशीन लागत नाही. पडदा ओढायचा, परवानगी मागायची, बाई असेल तर सिस्टरना शेजारी उभं करायचं, आणि डोक्यापासून पायापर्यंत नीट बघायचं. वॉर्डात एवढा वेळ कुणाकडे असतो? पीजीकडे, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांकडे, नसतो, सरांकडे नसतो. विद्यार्थ्याकडे असतो. सगळ्या युनिटला जे सापडलं नाही ते दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सापडलं, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्या परीक्षेच्या निकालाने येत नाही.

आणि सर्पदंश. पहाटे पोटात दुखतंय म्हणून एखाद्या मुलाला घेऊन येतात. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. मूल सुस्त, पापण्या जड. जागरणाने झोप आली असेल असं बघणाऱ्याला वाटतं. इथे पत्ता विचारायचा आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: रात्री खाली झोपला होता का? मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावा दुखत नाही आणि खूण बहुतेक वेळा सापडतही नाही. सुरुवात पोटदुखीने होते, मग पापण्या मिटतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही, शेवटी श्वास थकतो. घोणस आणि फुरश्याचं विष रक्तावर जातं, तिथे वीस मिनिटांची परीक्षा करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच कलती करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विषाने गोठण्याची क्रिया मोडलेली आहे. ही परीक्षा विद्यार्थी करू शकतो, करावीच. घड्याळ लावून नळीजवळ उभं राहणं हे मोठं काम आहे, कारण घाईत कुणी ती उचलून बघितली की निकाल बिघडतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनतं. घाटातल्या चापडा या विषारी सापांच्या दंशावर ते चालत नाही. म्हणून कणकुंबीकडून आलेल्या माणसाला कुठल्या रानात, कुठल्या उंचीवर, झाडावर हात घालताना की पाय टाकताना, हे विचारायचं. पत्ता म्हणजे गावाचं नाव लिहून संपत नाही.

उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यातून फवारणीचं औषध पोटात गेलेले किंवा अंगावर सांडलेले रुग्ण येतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर. ॲट्रोपिन हा उतारा चालू असताना दर काही मिनिटांनी छाती ऐकणं, नाडी मोजणं, चार्ट भरणं, हे काम रात्रपाळीला विद्यार्थी किंवा इंटर्न करतो. छाती कोरडी झाली का, हा या उपचाराचा कणा आहे. पुढचे तीन-चार दिवस उशीवरून मान उचलता येते का ते रोज बघायचं, कारण बरं वाटत असतानाच मानेचे आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. आणि हे औषध त्याने का घेतलं, हे त्याला एकट्याला, नातेवाईक बाहेर असताना, आवाज खाली ठेवून विचारायचं. कर्ज, भांडण, दारू, परीक्षेचा निकाल, काहीही निघतं. त्या उत्तरावर त्याचं घरी गेल्यानंतरचं जगणं अवलंबून आहे, म्हणून मानसोपचार विभागाला कळवल्याशिवाय त्याची सुट्टी होऊ देऊ नये.

केस सादर कशी करायची, हा भाचीचा दुसरा प्रश्न. त्याच निपाणीच्या आजीचं उदाहरण घेते. एक विद्यार्थी म्हणतो: ‘62 वर्षांची गृहिणी, तीन महिने धाप आणि खोकला.’ दुसरी म्हणते: ‘निपाणीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या, तरुणपणापासून घरी बिड्या वळणाऱ्या, गेल्या काही वर्षांपर्यंत धुराडं नसलेल्या खोलीत चुलीवर रांधणाऱ्या 62 वर्षांच्या बाई. धाप चार-पाच वर्षांपासून दर हिवाळ्यात येते, तीन महिन्यांपासून न्हाणीपर्यंत चालतानाही लागते, आणि आठवड्यापासून पाय सुजलेत.’ दुसरं सादरीकरण वीस सेकंदांनी लांब आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात फुप्फुस, त्यामागून हृदयाची उजवी बाजू, आणि पुढे काय-काय तपासायचं हे सगळं रांगेने उभं राहतं. सर मग उलटतपासणी घेत नाहीत, बरोबर विचार करायला लागतात. सगळ्यांसमोर अपमान होईल ही भीती ज्यांना असते त्यांना मी एवढंच सांगते: तुमच्या रुग्णाबद्दल खोलीतल्या कुणाहीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असू द्या. तेवढं तुमच्या हातात आहे. पाठ्यपुस्तकातलं एखादं कारण नाही आठवलं तर ‘माहीत नाही, आज वाचून येते’ म्हणा आणि खरंच वाचून या. दिवसभर पाहिलेल्या सगळ्यांवर वाचत बसू नका. एकच रुग्ण निवडा, रात्री त्याच्यावरच वाचा, सकाळी राउंडच्या आधी पुन्हा त्याच्याकडे जा आणि रात्री वाचलेलं चिन्ह त्याच्या अंगावर शोधा. माझी सगळी मेडिसिन अशी शिकून झालीय.

भाषेचं म्हणाल तर कन्नड शिका. घरी मराठी बोलणाऱ्यांनी शिका, हिंदीवर काम भागवणाऱ्यांनी तर नक्की शिका. पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे तास असतात, पण वॉर्डातली कन्नड बैलहोंगल-सौंदत्तीच्या रानातली असते, ती कट्ट्यावर आणि ओपीडीत बसूनच येते. ‘एन त्रास ऐत्री?’ (काय त्रास आहे?), ‘एष्ट दिवस आत्री?’ (किती दिवस झाले?), ‘उसरा जोर तगोरी’ (श्वास जोरात घ्या) एवढ्यावर सुरुवात होते. अज्जी, अक्का, अण्णा म्हणून हाक मारा. मधे नातेवाईक दुभाषा असेल तर जपून. सून गप्प आणि सासू बोलतेय असं असताना पाळीचं, अंगावरून जाण्याचं, मारहाणीचं काहीही बाहेर येत नाही. सिस्टरना विनंती करा, त्या दोन मिनिटं काढतात आणि त्यांना तिन्ही-चारी भाषा येतात.

सिस्टरांबद्दल आणखी एक. कुठल्या खाटेवरच्याने काल रात्री जेवण परत पाठवलं, कोण रडत होतं, कुणाची सलाईन तीनदा बाहेर गेली, हे त्यांना माहीत असतं. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी त्यांना जाऊन नाव सांगा. पीजी छत्तीस तास उभे असतात, त्यांचं थोडं काम उचला: रिपोर्ट आणा, एक्स-रे लावा, बीपीचा तक्ता भरा. उपयोगी पडणाऱ्याला शिकवायला थकलेला माणूससुद्धा तयार होतो. मात्र देखरेखीशिवाय सुई हातात घेऊ नका, आणि एकाच दमलेल्या रुग्णाचं पोट आठ जणांनी चाचपू नका. तो बोलत नाही, पण त्याला लागतं.

शरीराच्या गोष्टी पटकन सांगते. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पोस्टिंगआधी पूर्ण करा. सुई टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. भीतीने किंवा लाजेने लपवून ठेवणं सगळ्यात धोक्याचं. ऑपरेशन थिएटरला उपाशी जाऊ नका. डोळ्यांपुढे अंधारी आली तर मागे सरकून खाली बसा, कुणी काही म्हणत नाही. बूट चांगले घ्या.

प्रसूतीच्या पोस्टिंगला जाल तेव्हा आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट माहीत असू द्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते थंड ठेवावं लागतं, टोचणारं माणूस लागतं. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला हे दोन्ही मिळेलच असं नव्हतं. त्या बाईचा पत्ता लक्षात घेऊन इथल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बेळगावच्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात 1,620 बायकांवर अभ्यास केला. एएनएमनी, म्हणजे खेड्यांतल्या उपकेंद्रांच्या परिचारिकांनी, निम्म्या बायकांना 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या. अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाणाऱ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या शेजारच्या गावांतल्या बायकांनी आणि एएनएमनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे. लेबर रूममध्ये रात्री उभं राहून पाय दुखतील तेव्हा हे आठवा, मला तरी त्याने बळ येतं.

कधीतरी तुमचा रुग्ण जाईल. ज्याचं गाव, शेत, पोरं, बैल सगळं तुम्ही विचारून घेतलंत तोच जाईल, आणि जितकं जास्त विचारलंत तितकं जास्त लागेल. मला विद्यार्थी विचारतात, मग इतकं गुंतायचंच कशाला? मी त्यांना गुंतू नका असं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी नातेवाइकांजवळ थोडं उभं राहा, पाणी आणून द्या, बोलायला काही नसलं तरी चालतं. मग हॉस्टेलवर एकटे जाऊ नका. घरी फोन करा, मित्राबरोबर जेवा. झोप उडाली, दिवसेंदिवस वॉर्डात जावंसं वाटेना झालं, तर आपल्या मेंटरला सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. आपण रुग्णाला उशीर करू नका म्हणून सांगतो, तेच स्वतःला लावायचं.

पत्त्याचं शेवटचं काम सुट्टीच्या दिवशी असतं. शिधापत्रिका कर्नाटकची असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, महाराष्ट्राची असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुठलं कार्ड कुठल्या रुग्णालयात चालतं यावर चंदगडच्या माणसाचा पुढचा उपचार ठरतो. हे पहिल्या दिवशीच विचारून योजनेच्या खिडकीवर कळवलं तर घरच्यांना दागिने मोडावे लागत नाहीत. इन्सुलिन लिहून दिलं, पण घरी फ्रिज आहे का? नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यात कसं ठेवायचं ते दाखवलं का? सुई कोण टोचणार? महिन्याने फेरतपासणीला या म्हटलंत, पण कणकुंबीहून सकाळची कुठली गाडी ओपीडीच्या वेळेत पोचते? डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. ते हातात देण्याआधी सकाळच्या गोळ्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या, हे विद्यार्थ्याने त्यांच्या भाषेत सांगावं, आणि त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घ्यावं.

विद्यार्थ्याने शिकलेल्या कामांची नोंद ठेवायच्या लॉगबुकात या कशालाच रकाना नाही. कौशल्यांची लांबलचक यादी आहे, प्रत्येकासमोर सही आहे, ते हवंच. पण व्यवसाय आणि पत्ता यांवर अर्धं पान मिळावं अशी माझी मागणी आहे, आणि ती मी आमच्या विभागाच्या बैठकीत मांडत राहणार आहे. कुटुंब दत्तक योजनेत आता मुलं पहिल्या वर्षापासून खेड्यांतल्या घरी जातात. त्या घरांत जे चूल, माग, गोठा, वखार बघून येतात ते वॉर्डातल्या खाटेपर्यंत आणायचं, एवढी सांधणी शिक्षकांनी करून द्यायला हवी.

तोवर परीक्षेला माझ्यासमोर लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासलेला एक रुग्ण, घेऊन येणाऱ्यांसाठी: मी छातीवर जाण्याआधी तीन गोष्टी विचारते. तुमचा रुग्ण त्याचं काम नेमकं कसं करतो ते मला करून दाखवा. यांच्या गावात पाणी कुठून येतं? आणि आज सुट्टी दिली तर हे कसे, कुणाबरोबर, कुठल्या गाडीने घरी जाणार? रुग्णाजवळ तुम्हाला दिलेल्या वेळातली पहिली दहा मिनिटं यासाठी ठेवा.